व्हॅल्युअरच्या रजिस्ट्रेशनचा आणि प्रशिक्षणाचा खर्च : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील सिव्हिल इंजिनिअर असून पदवीनंतर सहा वर्षे बेळगावातील एका ज्येष्ठ व्हॅल्युअरांकडे, म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवून देणाऱ्या तज्ज्ञांकडे, नोकरी करतो. जागेची पाहणी आणि मोजमाप मी करतो, अहवालही मीच लिहितो. सही त्यांची असते. आता स्वतःचे रजिस्ट्रेशन घ्यावे असे वाटते, पण कोर्स, परीक्षा, सभासदत्व आणि पुढे दरवर्षीचे प्रशिक्षण असा खर्चाचा पाढा ऐकून घरचे बिचकतात. एवढा पैसा घालावा का?

उत्तर : रजिस्ट्रेशन हा शब्द आपण एकदाच लिहिला असला तरी व्यवहारात रजिस्ट्रेशन दोन प्रकारचे असते, आणि त्यांतले आपल्याला कोणते हवे हे ठरल्याशिवाय खर्चाचा हिशेब मांडता येणार नाही.

पहिले संपत्ती कर कायदा, 1957 च्या कलम 34 एबीखालचे. संपत्ती कराची आकारणी 2015 च्या अर्थसंकल्पाने बंद झाली, तरी हे रजिस्ट्रेशन टिकून राहिले, कारण जुनी मालमत्ता विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यासाठी तिची 1 एप्रिल 2001 रोजीची किंमत काढणे आणि थकीत कर्जाच्या जप्त मालमत्तेची राखीव, म्हणजे लिलावातली किमान, किंमत ठरवणे ही कामे त्याच्याशी जोडलेली आहेत. बँकांना अशी जप्ती आणि विक्री करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या 2002 च्या नियमांत ‘मान्यताप्राप्त व्हॅल्युअर’ म्हणजे कलम 34 एबीखाली नोंदलेली व्यक्ती असे स्पष्ट म्हटले आहे. खासगी व्यवसाय करणाऱ्या इंजिनिअरसाठी मात्र तिथे दहा वर्षांच्या प्रॅक्टिसची अट असते.

दुसरे रजिस्ट्रेशन कंपनी कायदा, 2013 च्या कलम 247 खालचे. त्याचे नियम ऑक्टोबर 2017 मध्ये आले आणि नोंदणीचे अधिकार दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे, दिले गेले. सिव्हिलच्या पदवीधराला त्यासाठी पाच वर्षांचा अनुभव पुरतो. मंडळाने मान्यता दिलेल्या व्हॅल्युअरांच्या संस्थेचे सभासदत्व, तिचा 50 तासांचा अभ्यासक्रम, संगणकावरची परीक्षा आणि मग मंडळाकडे अर्ज, असा त्याचा क्रम आहे. परीक्षेत 60 टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात. व्यक्तीसाठी अर्जाची फी नियमांत 5,000 रुपये आहे.

म्हणजे आज आपल्याला दुसरा दरवाजा उघडा आहे, आणि आपला हात बसला आहे तो बँकेच्या कामावर, ज्याचा मोठा भाग अजून पहिल्या दरवाजातून जातो. एवढे लक्षात न घेता कोर्सची फी भरून मोकळे झालेले आणि मग ‘बँक पॅनेलवर, म्हणजे तिच्या व्हॅल्युअरांच्या यादीत, घेत नाही’ म्हणून हळहळणारे तरुण मी पाहिले आहेत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी, ज्या दोन-तीन बँकांचे काम मिळण्याची आशा आहे त्यांच्या कार्यालयात जाऊन पॅनेलसाठी कोणते रजिस्ट्रेशन चालते हे लेखी विचारून घ्यावे. त्याचबरोबर खर्चाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप अशी छोटी का होईना कामे स्वतःच्या नावाने, स्वतःचे बिल देऊन सुरू करावीत. दहा वर्षांची प्रॅक्टिस आपल्या कागदांवरून दिसायला हवी, साहेबांच्या फायलींवरून ती दिसणार नाही.

आता खर्चाविषयी. अर्जाची फी एकदाच जाते. संस्थेची वार्षिक वर्गणी आणि प्रत्यक्ष काम करण्यासाठी लागणारे प्रॅक्टिस सर्टिफिकेट यांचा खर्च मात्र, काम मिळो न मिळो, चालू राहतो, आणि त्याहून मोठा खर्च वेळेचा असतो. 50 तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे सहा दिवसांहून अधिक, आणि त्या दिवसांत पाहणीचे एकही काम होत नाही. परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो; तेव्हा परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात शहाणपण नाही. कंपन्यांची किंवा दिवाळखोरीची कामे आपल्या साहेबांकडे येत असतील तर आजच सुरुवात करा, कारण 1 फेब्रुवारी 2019 पासून दिवाळखोरीच्या प्रकरणांत कलम 247 खाली नोंदणीकृत व्हॅल्युअरचीच नेमणूक करता येते. तशी कामे येत नसतील, तर एक-दोन वर्षे पैसे साठवावेत असे मी मोकळेपणाने सांगेन.

दरवर्षीच्या प्रशिक्षणाला मात्र कात्री लावू नका. माझा स्वतःचा अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात मी शेतजमिनीच्या उताऱ्यावरचे एकूण क्षेत्र धरून दराने गुणत असे. उताऱ्यात खराब्याचे, म्हणजे लागवडीबाहेरच्या क्षेत्राचे, ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग असतात. ‘अ’ लागवडीस निरुपयोगी असला तरी मालकाचा असतो, ‘ब’ हा नाला, रस्ता अशा सार्वजनिक वापराचा असतो. हा फरक मला एका प्रशिक्षण वर्गात, समोर कन्नड उतारा ठेवून, समजला. समजा 2 एकर 10 गुंठ्यांच्या जमिनीत 6 गुंठे ‘ब’ खराबा आहे आणि दर गुंठ्याला 3 लाख आहे, तर एकूण क्षेत्र धरणारा व्हॅल्युअर 18 लाखांची नसलेली मालमत्ता बँकेला तारण म्हणून दाखवतो. उद्या कर्ज थकले तर त्या सहीचा जाब त्यालाच विचारला जातो.

प्रश्न : मी निपाणीचा. माझी निम्मी कामे कागल-कोल्हापूरकडे असतात. महाराष्ट्रासाठी वेगळा परवाना काढून दुप्पट खर्च करावा लागेल का?

उत्तर : नाही. दोन्ही रजिस्ट्रेशन केंद्रीय कायद्यांखालची असल्याने सीमेच्या अलीकडे-पलीकडे सारखीच चालतात. वेगळे असतात ते कागद. आपल्याकडे कर्नाटकात आरटीसी उतारा आणि सरकारी दराची गायडन्स व्हॅल्यू, तिकडे सातबारा आणि रेडीरेकनर. आपल्या ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूचे, म्हणजे मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीचे, नमुना 9 आणि 11. त्यामुळे खर्च दुसऱ्या परवान्यावर नव्हे, तर कन्नड कागद स्वतः वाचता येण्यावर करा. 1956 पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्याने जुने दस्त मराठीत, क्वचित मोडीत सापडतात, आणि दोन्ही भाषा वाचणाऱ्या माणसाला भाषांतरासाठी दुसऱ्याच्या दारात थांबावे लागत नाही.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचे काम आले तर एवढे लक्षात ठेवा की जमीन-इमारतीच्या नोंदणीवर यंत्रसामग्रीची किंमत काढता येत नाही. तो वेगळा वर्ग असून त्याला वेगळी परीक्षा आहे.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहणारी आर्किटेक्ट आहे. सभासदत्वाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च करातून वजा होतो का?

उत्तर : नियमित हिशेब ठेवत असाल तर व्यवसायासाठी केलेला खर्च म्हणून तो दाखवता येतो. आपण प्राप्तिकराच्या कलम 44 एडीएखाली, म्हणजे व्यावसायिकांसाठीच्या अंदाजी उत्पन्नाच्या पद्धतीने, निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवत असाल, तर उरलेल्या निम्म्यात सगळा खर्च आला असे कायदा मानतो आणि कोर्सची पावती वेगळी वजा होत नाही. नव्या प्राप्तिकर कायद्यात, ज्याच्या अंमलाची तारीख 1 एप्रिल 2026 आहे, कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून विवरणपत्र भरताना सीएंकडून त्या वर्षीचे कलम तपासून घ्यावे. पावत्या मात्र कोणत्याही पद्धतीत जपून ठेवा, आणि प्रत्येक मूल्यांकनाची फाइलही काम संपल्यापासून किमान तीन वर्षे राखा, कारण कलम 247 च्या 2017 च्या नियमांनी ते बंधनकारक केले आहे.