परिवेशवर गावाचं नाव टाकून काही मिळत नाही, तिथं अर्जदार, डिव्हिजन आणि नकाशा शोधा

दादा, तुम्ही लिहिलंय की कणकुंबीच्या बाजूला तुमच्या गावाच्या वरच्या रानात कोणीतरी मशीन लावून मोजणी केली, पंधरा दिवसांनी तिथं पांढरे दगड पुरले, पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना विचारलं तर त्यांनाही काही माहीत नाही, आणि परिवेश पोर्टलवर, म्हणजे पर्यावरण आणि जंगलाच्या मंजुरीचे अर्ज जिथं नोंदवलेले असतात त्या केंद्र सरकारच्या साइटवर, गावाचं नाव टाकून दोन रात्री शोधलं तरी काहीच आलं नाही. तुमचं शोधणं चुकलेलं नाही, नाव चुकलंय. ऑगस्ट 2018 मध्ये हे पोर्टल सुरू झालं तेव्हापासून मी त्यात बघतोय, त्याच्या आधीच्या वेगळ्या साइट होत्या त्याही बघितल्यात, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माणसाला सगळ्यात जास्त हीच अडचण येते. प्रस्ताव गावाच्या नावाने नोंदवलेला नसतो, तो अर्ज करणाऱ्या खात्याच्या किंवा कंपनीच्या नावाने, फॉरेस्ट डिव्हिजनच्या म्हणजे वनविभागाच्या नावाने आणि हेक्टरात असतो. गावाचं नाव आलंच तर आत कुठल्यातरी पीडीएफच्या विसाव्या पानावर येतं, आणि तेही आपण लिहितो तसं नाही.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात घ्या की तिथं मुख्य तीन वेगळी दालनं आहेत, एक पर्यावरण मंजुरीचं म्हणजे ईसी, दुसरं जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला देण्याचं म्हणजे एफसी, आणि तिसरं वाइल्डलाइफचं. बरेच जण ईसीमध्येच शोधत बसतात, पण ईसी कुठल्या कामांना लागते ते ठरवणाऱ्या 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामाचा अभ्यास) नोटिफिकेशनच्या यादीत विजेची हाय टेन्शन लाइन नाही आणि रेल्वेही नाही. म्हणजे तुमच्या रानातून 400 केव्हीची लाइन जाणार असेल तर ईसीमध्ये तुम्ही वर्षभर शोधलं तरी मिळणार नाही, ती एफसीमध्ये असेल आणि अभयारण्य लागत असेल तर वाइल्डलाइफमध्येही. पिण्याच्या पाण्याचंही तसंच. ऑक्टोबर 2019 मध्ये म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाला पिण्याच्या पाण्याची योजना म्हणून ईसी लागत नाही असं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं पत्र आलं होतं आणि त्यावरून किती गदारोळ झाला ते आपल्याकडं सगळ्यांना आठवत असेल, पण ईसी लागत नाही म्हणजे जंगलाची मंजुरी लागत नाही असं होत नाही, ती वेगळीच फाइल असते. म्हणून तिन्ही ठिकाणी बघायचं, एकात नाही मिळालं म्हणून थांबायचं नाही.

आता नावाचं बोलतो. जिल्ह्याचं नाव सरकारी कागदावर 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी झालं, त्याच्या आधीच्या फायली इंग्रजीत बेलगाम म्हणून आहेत, आणि नंतरच्या काही अर्जांतही जुनंच स्पेलिंग टाकलेलं मी बघितलंय, त्यामुळे दोन्ही टाकून बघायचं. खानापूर टाकलं की सांगली जिल्ह्यातलं विट्याजवळचं खानापूरही पुढं येतं, म्हणून राज्य कर्नाटक निवडल्याशिवाय शोधूच नका. लोंढा इंग्रजीत एच घालून आणि एच न घालता, नंदगड मध्ये ए घालून आणि न घालता, नेरसे म्हटलं की कुठं ए शेवटी कुठं ई. आपण मराठीत म्हणतो तो उच्चार, कन्नडमध्ये लिहिलेलं नाव, आणि त्यावरून कोणीतरी बेंगळूरला बसून केलेलं इंग्रजी, अशी तीन रूपं होतात एकाच गावाची. रस्त्यांना तर नंबरच बदललेत, गोव्याला अनमोडवरून जाणारा हायवे आपण अजून 4 ए म्हणतो, कागदावर तो 748 आहे, आणि पुणे-बेंगळूर जुना 4 आता 48.

त्यामुळे मी गाव सोडून अर्जदारापासून सुरू करतो. तुमच्या रानात काय येऊ शकतं याचा अंदाज बांधा आणि ते काम कुठलं खातं करतं ते टाका. पाण्याचं असेल तर कर्नाटक नीरावरी निगम, हायवे असेल तर नॅशनल हायवे ऑथॉरिटी किंवा पीडब्ल्यूडी, रेल्वेचं दुपदरीकरण असेल तर रेल विकास निगम, लाइन असेल तर केपीटीसीएल किंवा हेस्कॉम या कर्नाटकच्या वीज कंपन्या. लाइनच्या बाबतीत अजून एक, मोठ्या लाइनसाठी बऱ्याचदा त्याच कामापुरती नवी कंपनी असते आणि तिचं नाव लाइनच्या टोकांवरून असतं. गोवा-तमनार हा वीज लाइनचा प्रकल्प बघा ना, तमनार आहे छत्तीसगडमध्ये, पण त्याच प्रकल्पातली एक लाइन धारवाडजवळच्या नरेंद्र सबस्टेशनपासून गोव्यातल्या शेल्डेला जाणारी, म्हणजे आपल्या बाजूच्या जंगलातून, आणि नावात ना धारवाड ना खानापूर. आता आपल्या रानातल्या दगडांसाठी छत्तीसगडचं नाव टाकायचं कुणाला सुचणार?

प्रस्तावाचा नंबर वाचायला शिकलात तर निम्मं काम होतं. एफपीने सुरू झाला की जंगलाचा, मग केए म्हणजे कर्नाटक, मग रोड, ट्रान्स, इरिग, रेल, मिन असं कामाचं नाव, मग आकडा आणि वर्ष. ईसीमध्ये आयए असेल तर दिल्लीत ठरणार, एसआयए असेल तर राज्यात. आणि जंगलाची फाइल राज्यावार वेगळी असते, म्हणजे गोवा आणि कर्नाटक दोन्हीतून जाणाऱ्या एका लाइनच्या निदान दोन फायली. तुम्ही चोर्ल्याच्या जवळ आहात, म्हणून सांगतो, गोव्याचीही फाइल काढून बघा, कधी कधी त्यात जोडलेला नकाशा जास्त स्पष्ट असतो.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे केएमएल फाइल. जंगलाच्या प्रस्तावासोबत अर्जदाराला जागेचा नकाशा त्या फाइलमध्ये द्यावा लागतो, ती मिळाली की मोबाइलवर गुगल अर्थमध्ये उघडा, सरळ तुमच्या डोंगरावर रेघ किंवा चौकोन दिसतो. मग कर्नाटक सरकारचं दिशांक नावाचं ॲप आहे, त्यात जागेवर उभं राहिलं की सर्व्हे नंबर दिसतो, ते घेऊन एकदा दगडांजवळ जाऊन या आणि प्रत्येक दगडाजवळचा सर्व्हे नंबर वहीत लिहा, दगडावर काही अक्षरं किंवा रंग असेल त्याचा फोटो काढा. घरी येऊन केएमएलशी जुळवा. मी हे काम भर उन्हाळ्यात दोन पोरांना घेऊन केलंय, एका दिवसात होतं, आणि त्यानंतर कुठल्याही ऑफिसात तुम्ही गेलात की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलतो कारण तुमच्याकडं नंबर असतो.

आता जे मला स्वतःला उशिरा कळलं ते सांगतो. आमच्या गायरानात सात-आठ वर्षांपूर्वी चर खणायला सुरुवात झाली. जवळपास ना रस्ता, ना धरण, ना लाइन. आम्ही तालुक्यातले सगळे प्रस्ताव चाळले, एकातही आमचा सर्व्हे नंबर नाही, आणि तोपर्यंत कुंपणाचे खांब आले, गुरं तळ्यावर न्यायची वाट बंद झाली, म्हातारी माणसं रडकुंडीला आली. शेवटी कळलं की दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका रस्त्यासाठी जंगल जाणार होतं आणि त्याच्या बदल्यात झाडं लावायची जागा म्हणून आमचं गायरान दाखवलं होतं. त्याला पर्यायी वनीकरण म्हणतात, जेवढं जंगल जातं त्याच्या बदल्यात दुसरी जमीन द्यायची, आणि ती जमीन लांबच्या गावातली असू शकते. त्या जागेचा नकाशा वेगळ्या केएमएलमध्ये असतो, आणि आम्ही ती उघडलीच नव्हती. पहिल्या टप्प्याची मंजुरी तोपर्यंत झाली होती. जॉइंट सर्व्हे म्हणजे खात्यांची एकत्र मोजणी मागून, उतारे जोडून, चार वेळा जाऊन आम्ही तळ्याची वाट तेवढी कुंपणाबाहेर काढून घेतली, बाकीचं गायरान गेलं ते गेलंच. म्हणून तुमच्या रानातले दगड पाहून लगेच लाइन किंवा कालवा समजू नका, बदली जमिनीचेही असू शकतात, आणि मग शोध बेळगाव डिव्हिजनपुरता ठेवून चालत नाही, हल्याळ-धारवाडपर्यंत बघायला लागतो.

फाइल मिळाली की पार्ट टू वाचा, बाकीचं नंतर. पार्ट वन अर्जदार भरतो, पार्ट टू डीसीएफ साहेबांच्या, म्हणजे डिव्हिजनच्या वनाधिकाऱ्यांच्या ऑफिसातून भरला जातो, त्यात झाडं किती, जंगल किती दाट, कुठले प्राणी, अभयारण्य किंवा कॉरिडॉर म्हणजे प्राण्यांच्या जाण्यायेण्याचा पट्टा आहे का, जमीन घसरणारी आहे का, आणि शिफारस काय, हे सगळं येतं. तिथं गावाच्या माणसाला जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. भीमगड अभयारण्य 2011 मध्ये झालं, 190 चौरस किलोमीटरचं, एका बाजूला काळी व्याघ्र प्रकल्प आणि दुसऱ्या बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, बारापेडे गुहेत ते दुर्मीळ वटवाघूळ, आणि देगावच्या बाजूला म्हादई उगवते. अशा पट्ट्यात वन्यप्राण्यांच्या रकान्यात नुसतं निरंक लिहिलेलं दिसलं आणि तुमच्या गावात दर पावसाळ्यात गवे भातात येत असतील, तर ते लिहून द्यायला पाहिजे, तारखा, फोटो, नुकसानभरपाईच्या अर्जाची पोच यांच्यासकट. भावनेने लिहिलेल्या चार पानांपेक्षा भरपाईच्या तीन पोचपावत्या जास्त वजनाच्या ठरतात, हे मी अनुभवानं सांगतोय. आणि वाइल्डलाइफची मंजुरी टिकतेच असं नाही, कॅसलरॉक-कुळे रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीनं दिलेली मंजुरी मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं रद्द केली होती, तिथं अभ्यास पुरेसा झाला होता का हाच मुद्दा होता.

ग्रामसभेचा ठराव जोडलेला असेल तर तारीख बघा आणि त्या दिवशी खरंच सभा झाली का हे पंचायतीच्या वहीत बघा. रस्ता, लाइन, कालवा अशा लांबट कामांना केंद्राच्या 2013 च्या पत्रानं ग्रामसभेच्या संमतीत सूट मिळालीय त्यामुळे ठराव नसला म्हणून लगेच फाइल चुकीची ठरत नाही, पण असलेला ठराव खोटा निघाला तर ती मोठी गोष्ट आहे.

ईसीवालं काम निघालं आणि जनसुनावणी लागली तर 30 दिवस आधी जाहिरात द्यावी लागते, आणि ईआयएचा मसुदा डीसी ऑफिस म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, ग्रामपंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवावा लागतो. सारांश कन्नडमध्ये येतो. आपल्याकडच्या बायकांना, म्हाताऱ्यांना तो वाचता येत नाही, म्हणून मी दोन्ही भाषा येणाऱ्या पोरांना बसवून आधीच मराठीत वाचून घेतो, कॉलेजची पोरं आनंदानं करतात. सुनावणीत मराठीत बोला, बिनधास्त बोला, तिथं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं, आणि शेवटी इतिवृत्त सगळ्यांसमोर लोकांच्या भाषेत समजावून वाचून दाखवायचं असतं, ते झाल्याशिवाय उठून जाऊ नका. जेवायची वेळ झाली म्हणून लोक निघून जातात आणि नेमकं तेव्हाच वाचन होतं. लेखी निवेदन वेगळं द्या, एक प्रत आपल्याकडं ठेवून शिक्का घ्या.

पोर्टलवर काही कागद उघडले नाहीत तर आरटीआय म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपये फी, 30 दिवसात उत्तर. पण कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द एवढाच नियम आहे, आपले लोक दोन पानं भरून कहाणी लिहितात आणि अर्ज परत येतो. फक्त प्रस्ताव नंबर लिहून पार्ट टू, साइट इन्स्पेक्शन रिपोर्ट, झाडांची मोजणी, आणि दोन्ही केएमएल, मुख्य जागेची आणि बदली जमिनीची, एवढंच मागा. प्रस्ताव नंबर नसेल तर सर्व्हे नंबर, वनखात्याची रेंज आणि दगड पुरल्याचा महिना लिहून त्या जागेबाबत आलेल्या प्रस्तावाची प्रत मागा.

मंजुरी होऊन गेलीय असं दिसलं तर दिवस मोजायला लागा. हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, अपील 30 दिवसात करायचं असतं, सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवसांपर्यंत घेतात, त्यानंतर दार बंद. आणि आपण सीमेवर राहतो म्हणून इथं गोंधळ होतो, चंदगडच्या पाहुण्यांचा वकील पुण्याला जातो, त्यांचं बरोबर आहे कारण ते महाराष्ट्रात येतात, पण खानापूर तालुक्याचं प्रकरण चेन्नईच्या पीठाकडं जातं. पुण्यात कागद तयार करून बसलेले आणि मुदत घालवून बसलेले लोक मी बघितलेत, फार वाईट वाटतं.

तर तुम्ही या रविवारी दिशांक घेऊन रानात जाऊन या. सर्व्हे नंबर, दगडांचे फोटो आणि मोजणीवाल्यांची गाडी कुणी बघितली असेल तर तिच्यावर काय लिहिलं होतं ते, एवढं इथंच टाका, अर्जदार कोण असावा ते मी काढून बघतो. सोमवारी रेंज ऑफिसला जाल तेव्हा अर्ज दोन प्रतीत न्या आणि पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका.