बारशाला काय नेऊ?

प्रश्न : माझ्या चुलत बहिणीला जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलगा झाला. ती माहेरी, देवरुखला काकांकडे आहे. बारशाला काहीतरी उपयोगी न्यावं असं वाटतं. दुकानदाराने प्लास्टिकच्या डब्यातला संच दाखवला. त्यात पावडर, तेल, काजळ, कंगवा, दुधाची बाटली आणि लोकरीचा झबलं-टोपऱ्याचा जोड आहे. दोन हजारांपर्यंत जमेल. तो घेऊ का?
– एक वाचक, लांजा

उत्तर : डबा दुकानातच राहू दे. त्यातला कंगवा तेवढा बिनधोक, पण तान्ह्याच्या डोक्यावर विंचरायला असतं काय? पावडर उडून श्वासातून फुप्फुसात जाते, काजळात शिसं असू शकतं. बाटलीचं म्हणाल तर बाटल्यांची आणि पावडरच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही. आणि देवरुखच्या दमट हवेत लोकर घातली की दुसऱ्या दिवशी मानेवर घामोळं.

गुहागर तालुक्यातल्या उपकेंद्रात एकतीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून मी बाळंतिणींच्या घरी गेले. त्यामुळे कोणाचं सामान वापरात असतं आणि कोणाचं कपाटावर, हे पाहून ठाऊक आहे. शिवाय माझा थोरलाही आषाढातलाच. त्याला अकरा झालरीचे फ्रॉक आले होते. हो, मुलग्याला! मुलगी होणार असा सगळ्यांचा होरा होता. लंगोट मात्र एकूण चौदा. आठ दिवस उन्हाचा पत्ता नाही, घरातली वलणी ओल्या कपड्यांनी वाकलेली. सासूबाई शेगडीत निखारे घालून वर डालगं पालथं ठेवायच्या आणि त्यावर एकेक लंगोट पसरायच्या. कपडे सुकायचे, पण सगळ्या पोराला चुलीचा वास. "पोराच्या अंगाला ओलं लागता नये गो," एवढंच त्या म्हणायच्या. नवव्या दिवशी शेजारच्या काकूंनी जुन्या धोतरांची फाडून, शिवून, धुऊन केलेली तीसेक दुपटी आणून दिली. कागदात गुंडाळलेलीसुद्धा नव्हती. मिळालेल्या सगळ्या भेटींतली तीच मला अजून आठवते.

तेव्हा पहिलं, सुती लंगोट. उन्हाळ्यात दोन डझन पुरतात, आषाढात चार डझनही कमीच. पातळ कापडाचे घ्या, जाड गादीसारखे दिसायला छान, पण सुकत नाहीत. विकतचे असतील तर दोनदा धुऊन, खळ काढून न्या. घरी जुनी मऊ साडी असेल तर त्याची दुपटी करा, लाजू नका. जोडीला चिमट्यांचं गोल स्टँड द्या, पंख्याखाली टांगता येतं. वरच्या पैशांत छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी बसेल. पावसाळ्यात डासांचं सांगायला नकोच.

कपडे द्यायचेच असतील तर मापाचा हिशेब करा. अगदी लहान मापाचं झबलं जेमतेम दीड महिना होतं, आणि सगळे तेच आणतात. तुम्ही सहा महिन्यांचं घ्या. जुलैचं बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा जानेवारी असेल, पहाटे गारवा असतो, म्हणून पूर्ण बाह्यांचं घ्या. पुढून बांधायचं असावं. डोक्यातून घालायचं झबलं म्हणजे रोज रडारड.

आता बहिणीकडे वळू. पूर्वी बाळंतविडा म्हणत, त्यात बाळाच्या कपड्यांबरोबर बाळंतिणीसाठी खोबरं, खारीक, डिंक, बाळंतशेपा बांधलेलं असे. हल्ली सगळं बाळाला, आणि आईला म्हणून कोणी विचारत नाही. तिला पुढून उघडणारे दोन गाऊन आणि झाकणाची मोठी स्टीलची बाटली द्या. पाजायला बसलं की घसा सुकतो आणि पाण्याचा तांब्या नेमका हात पोचणार नाही तिथे असतो.

अळीवाचे लाडू करून नेणार असाल तर थोडेच न्या. अळीव नारळाच्या पाण्यात फुगवायचे, चांगले बुळबुळीत झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून कढईत आटवायचं, कड सोडू लागलं की वळायचं. पण ओल्या खोबऱ्याचं काम, पावसाळी हवेत फ्रीजबाहेर दोन दिवसांत आंबतं. पन्नास लाडू नेऊन कौतुक होईल, चाळीस टाकावे लागतील. दहा न्या, आठवड्याने पुन्हा दहा पाठवा. लाडू असले तरी लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्याच, आणि चहाबरोबर नाही, हेही तिच्या कानावर घाला.

चांदीचं बोंडलं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं भांडं, कोणी देणार असेल तर घ्यावं, मोडू नये मन. कपाटात ठेवावं. मध मात्र वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको.

प्रश्न : मी डोंबिवलीत नोकरीला, पत्नी माहेरी चिपळूणजवळच्या वाडीत. मुलगी वीस दिवसांची झाली, पहिल्यांदाच राहायला जातोय. पाळण्यावर लावायचं गाणं वाजवणारं झुंबर बघून ठेवलंय. चालेल ना?
– एक बाबा

उत्तर : चालेल, पण ते तिला दिसणार नाही. या वयात वीत-दीड वीत अंतरावरचं तेवढं स्पष्ट दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा. तुम्ही मांडीवर घेतलंत तर तुमचाही.

झुंबराच्या पैशांत डिजिटल तापमापक आणि चार्जिंगचा दिवा न्या. वाडीत वीज जाते ती नेमकी दूध पाजायच्या वेळी. एवढ्या लहान बाळाचा ताप १००.४ च्या वर दिसला तर काढे, अंगारे काही न करता थेट दवाखाना. त्यासाठी जवळच्या रिक्षावाल्याचा नंबर दारामागे लिहून ठेवा. दवाखान्याने दिलेलं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घाला. मी ओलं होऊन चिकटलेली, दुधाचे डाग पडलेली कार्डं खूप पाहिली आहेत. पुढची लस सहाव्या आठवड्यात, मग दहाव्या आणि चौदाव्या. या तीन तारखांना रजा टाका.

आणि तिथे पोचल्यावर पाहुण्यासारखे ओटीवर बसू नका. रात्री दोनला बाळ प्यायलं की तुम्ही घ्या, खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, लंगोट बदला, बायकोला झोपू द्या. सासूबाई म्हणतील, "अहो जावईबापू, तुम्ही कशाला?" म्हणू द्या. दोन रात्रींनी त्या स्वतःच तुमच्या हातात लंगोटांची बादली देतील.

प्रश्न : नातू सात महिन्यांचा आहे. चाकांचा वॉकर द्यायचा म्हणतो. सुनेला पसंत नाही.
– एक आजोबा, मालवण

उत्तर : सुनेचं ऐका. वॉकरने पोर लवकर चालत नाही, आणि त्यात बसलं की तुम्ही "अरे, अरे" म्हणेपर्यंत खोलीच्या टोकाला पोचलेलं असतं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपल्या घरांना ओटी, पडवी, मग तीन पायऱ्या आणि खाली चिऱ्यांचं अंगण. दोन कपाळं मी स्वतः पुसली आहेत.

पोर आपल्या पायावर उभं राहायला लागलं की लाकडी पांगुळगाडा द्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, तिथे विचारून बघा. पण त्याआधी सुताराला बोलावून पडवीच्या पायरीला आडवी फळी लावून घ्या. नातू सात महिन्यांचा आहे म्हणता, तर याच आठवड्यात.