आधी तापतं काय, ते बघ

सांगली

प्रिय पोरीस,
अनेक आशीर्वाद.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा तू शाळेत होतीस. आता सासरच्या घरातून हवेत जाणारा कार्बन कमी कसा करू, असं विचारतेस. पत्र दोनदा वाचलं. तुमच्या एका घराने वीज वाचवली म्हणून पूर टळणार नाही, हे आधीच सांगतो. तरीही तू हे करावंस असं मला मनापासून वाटतं.

दिवे आणि मोबाइलचे चार्जर यांच्यामागे लागू नकोस. घरात जे जे तापतं, ते आधी बघ. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. तेवढ्याच विजेवर नऊ वॉटचा बल्ब शंभर तासांहून जास्त चालतो. म्हणून अंघोळीचं पाणी हा पहिला विषय. परवडलं तर छपरावर सौर बंब बसवा. तोवर सगळ्यांनी लागोपाठ अंघोळी उरकायच्या, म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा तापवावं लागत नाही.

"आपली वीज कोयनेची, पाण्याची, तिचा कसला धूर?" असं तुमच्याकडे कुणीतरी म्हणेलच. कोयना 1960 मेगावॉटची आहे आणि तिचा मलाही अभिमान आहे. पण तारेत सगळी वीज एकत्र होते, आणि देशातली निम्म्याहून जास्त वीज अजून कोळशाची आहे. एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धर. 14.2 किलोचा सिलिंडर संपला की 42 किलोच्या आसपास, पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो. एक वही कर आणि दर महिन्याला हे तीन आकडे लिही. सोलर पॅनलचं तू विचारलंस. जरूर बसवा, सरकारी अनुदानही आहे. पण आधी सहा महिने वही भरू दे, म्हणजे किती किलोवॉटचं लागेल ते तुलाच कळेल.

दोन म्हशी आहेत म्हणालीस, म्हणून गोबरगॅसबद्दल सविस्तर लिहितो. रोजचं पंचवीस किलो शेण म्हणजे साधारण एक घनमीटर गॅस, जवळपास चारशे ग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतका. महिन्याला बारा किलो झाले. आमच्याकडे हे सयंत्र बरीच वर्षं चाललं, आणि त्यात माझी एक मोठी चूक झाली. गॅस कमी येतोय म्हणून मी शेण वाढवत राहिलो. रबरी नळी व्हॉल्व्हपाशी तडकली होती, ते हिला वासावरून कळलं. साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे भराभर उठले. निम्मा पावसाळा आम्ही मिथेन, म्हणजे गोबरगॅसमधला जळणारा वायू, हवेत सोडत होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता धरायची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट आहे. गळकं सयंत्र ठेवण्यापेक्षा ते नसलेलं बरं. म्हणून दर महिन्याला साबणाचं पाणी लावून बघायचं, यात चुकू नकोस.

आता पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला. वहीत ते कुठेच दिसणार नाही, पण तुमच्या एकरभर उसात तोडणीनंतर तीन-चार टन पाचट पडतं आणि एका काडीत जातं. उसाने हवेतूनच घेतलेला कार्बन परत हवेत गेला, असं म्हणून ते सोडून देतात. पण त्या धुरात मिथेन असतो, काजळी असते, आणि पाचटातलं नत्र जळून जातं. मग तेच नत्र युरियाच्या पोत्यातून विकत आणायचं. युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो, आणि शेतात टाकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. तो तर कार्बन डायऑक्साइडच्या 270 पटींच्या घरात. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबलं, तर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाला, म्हणजे खोडव्याला, ओल टिकते आणि तणही कमी येतं.

हे सासऱ्यांना भाषण देऊन सांगू नकोस. त्यांची हयात उसात गेलीय. "यंदा चार सऱ्या मला द्या, पाचट न जाळता बघू," एवढंच म्हण. उन्हाळ्यात त्या सरीत हात घालून ओल दाखव. माती त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळते, ते आपणहून बोलतील.

स्वयंपाकाचं तुझ्या सासूबाईंकडून शीक. डाळ भिजवून कुकरला लावणं, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करणं, हे त्यांना माहीत असणारच.

गावातल्या गावात गाडी काढायची का, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझा जीव त्या चार सऱ्यांत अडकलाय. तोडणी कधी आहे ते कळव, मी येतो. बुडखे छाटायला धारदार कोयता लागेल, तो माझ्याकडचा आणतो.

तुझे,
सर