'नोस्फेराटू' पाहून हसू आलं, मग शंभर वर्षं लोक त्याला का मानतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "१९२२ चा 'नोस्फेराटू' मोबाइलवर पाहिला. व्हॅम्पायर भरदुपारी शवपेटी काखेत मारून गावातून चाललाय, माणसं तुरुतुरु पळतायत. भीती वाटायच्या जागी हसू आलं. लोक याला एवढं का मानतात?"

तुम्हाला हसू आलं यात तुमचं काही चुकलं नाही. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही हसलो होतो. पण तुमच्या प्रश्नातल्या 'भरदुपारी' या शब्दावर मी अडकलो, कारण उत्तर तिथेच आहे. तो प्रसंग दुपारचा नाही, रात्रीचा आहे.

त्या काळच्या फिल्मवर चित्र उमटायला इतका उजेड लागायचा की रात्री उघड्यावर चित्रीकरण करणं जवळपास अशक्यच होतं. मग रात्रीचे प्रसंग उन्हातच चित्रित करायचे आणि चित्रपटगृहात जाणाऱ्या प्रतीचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवून काढायचा, अशी रीत होती. निळं दिसलं की रात्र, पिवळसर दिसलं की दिवस किंवा घरातला दिव्याचा उजेड, गुलाबी दिसलं की पहाट, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नसे. पुढे या प्रतींवरून स्वस्तात साध्या काळ्या-पांढऱ्या प्रती काढल्या गेल्या, त्यात रंग गेला आणि रंगाबरोबर रात्रही गेली. इंटरनेटवर फुकट फिरणाऱ्या बऱ्याच प्रती याच वंशातल्या आहेत.

माणसं तुरुतुरु पळण्याचं कारणही असंच. हा चित्रपट सेकंदाला साधारण १८ चौकटी (फ्रेम) या गतीने दाखवला तर माणसं माणसांसारखी चालतात. बोलपटांच्या यंत्रावर २४ चौकटींनी चालवला की सगळेच धावायला लागतात. यात मोठं नुकसान होतं, कारण दिग्दर्शक मुर्नाऊने काही मोजकी दृश्यं मुद्दाम वेगवान केली आहेत. व्हॅम्पायरची, म्हणजे काउंट ऑर्लोकची, घोडागाडी जंगलातून झटके खात येते ते दृश्य, आणि तो एकटाच शवपेट्या गाडीवर रचतो ते दृश्य. बाकीचं जग संथ असेल तरच ही गती अमानवी वाटते. घोडागाडीच्या त्या दृश्यातच काही क्षण चित्र उलटं होतं, म्हणजे पॉझिटिव्हच्या जागी निगेटिव्ह दिसतं: झाडं पांढरी, आकाश काळं. गाडी पलीकडच्या जगात शिरली हे एकही शब्द न वापरता कळतं.

आता मुख्य मुद्दा. सूर्यप्रकाश पडला की व्हॅम्पायर मरतो, हे आपण इतक्या ठिकाणी पाहिलंय की ते युरोपातल्या लोककथांमधूनच आलं असेल असं वाटतं. हा चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवर बेतलाय, पण कादंबरीत तसं नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर दिसतो, फक्त त्याची ताकद दिवसा कमी होते. उन्हाने व्हॅम्पायरचा शेवट होणं पडद्यावर पहिल्यांदा आणलं ते 'नोस्फेराटू'ने. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, भुतांनी एका रात्रीत बांधायला घेतलेल्या देवळाची गोष्ट सांगतात ना, कोंबडं आरवलं आणि काम अर्धंच राहिलं? या चित्रपटातही शेवटी कोंबडा आरवतो. ते ऐकून आपल्याला ओळखीचं वाटतं, फक्त इथे भूत पळून जात नाही, खिडकीतून आलेल्या उजेडात विरून जातं.

म्हणजे ज्या कथेचा सगळा डोलारा रात्र आणि दिवस या फरकावर उभा आहे, तिच्यातून रात्रच काढून घेतलेली प्रत तुम्ही पाहिलीत. उन्हाने मरणारा प्राणी तासभर उन्हात हिंडताना दिसला, तर शेवटाला अर्थ उरत नाही.

मी रंगासह सुधारलेली प्रत एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिली. पडद्याशेजारी एक जण पियानो वाजवत होता. त्या रात्री कुणी किंचाळलं नाही, पण मध्यंतरानंतर सभागृहात कुजबुजही नव्हती. 'नोस्फेराटू'ची भीती दचकवणारी नाही, ती भिंतीतल्या ओलीसारखी चढत जाते, आणि याचं श्रेय मी चित्रीकरणाच्या जागांना देतो.

'नोस्फेराटू'च्या आधी दोनच वर्षं, १९२० मध्ये, 'डॉ. कॅलिगरी' या चित्रपटाने जर्मनीत धुमाकूळ घातला होता. त्यात वाकड्या भिंती, रंगवलेल्या सावल्या, सगळं स्टुडिओतलं. मुर्नाऊ बाहेर पडला. चित्रपटातलं विस्बोर्ग हे गाव काल्पनिक आहे, पण रस्ते आणि वेस जर्मनीतल्या विस्मार शहराची आहे. ऑर्लोक जी ओसाड इमारत विकत घेतो, ती जर्मनीतल्याच ल्युबेक शहरातली मिठाची जुनी गोदामं, आजही नदीकाठी उभी आहेत. त्याचा किल्ला म्हणजे स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. ढग खरे, डोंगर खरे, समुद्राच्या लाटा खऱ्या. रंगवलेल्या पडद्यासमोर भूत उभं राहिलं तर ते नाटकातलं भूत वाटतं, पण खऱ्या विटांच्या कमानीत, तुमच्या-माझ्या गल्लीत असावी तशा दारात ते उभं राहिलं की मन सावरायला जागा मिळत नाही. मुर्नाऊ ऑर्लोकला पुन्हा पुन्हा कमानीत, दारात, खिडकीच्या चौकटीत उभा करतो, जणू जग हीच त्याची पेटी आहे.

आणि ऑर्लोक तरी कसा! पुढच्या ड्रॅक्युलांसारखा देखणा, झगा फडकवणारा सरदार नाही. टक्कल, टोकदार कान, उंदरासारखे पुढचे दोन दात, वाढत जाणारी नखं. ही भूमिका करणाऱ्या नटाचं नाव माक्स श्रेक. जर्मन भाषेत 'श्रेक' म्हणजे धसका, आणि हे त्याचं खरंखुरं नाव होतं. तो रंगभूमीवरचा मुरलेला नट, आणि मला त्याच्या चेहऱ्यापेक्षा शरीर लक्षात राहतं. जहाजाच्या तळघरात तो पेटीतून उठतो ते पाहा: गुडघा वाकत नाही, कंबर वाकत नाही, आडवी फळी उभी करावी तसा सरळ उभा होतो. त्यानंतर कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो, आणि पुढे ते जहाज एकाही जिवंत माणसाशिवाय बंदरात हळूहळू सरकत येतं. संगीत बंद करून पाहिलं तरी हे दृश्य तेवढंच जड वाटतं.

जहाजाबरोबर उंदीर येतात आणि गावात प्लेग पसरतो. कादंबरीत हे नाही. चित्रपट पाहणारा १९२२ चा प्रेक्षक महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झाची साथ या दोन्हींतून नुकताच बाहेर पडला होता. मुर्नाऊ स्वतः युद्धात विमान चालवत होता. दारांवर खडूने फुल्या मारत जाणारा माणूस, अरुंद रस्त्यावरून एकामागून एक जाणाऱ्या शवपेट्या आणि वरच्या खिडकीतून ते बघणारी नायिका एलेन, हे त्या लोकांनी कल्पनेत पाहिलेलं नव्हतं. २०२० नंतर आपल्यालाही ते तसं पाहता येत नाही. मी ते दृश्य अलीकडे पुन्हा पाहिलं तेव्हा मला ॲम्ब्युलन्सचा आवाज आठवला.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. परका, वाकड्या नाकाचा, पूर्वेकडून उंदीर आणि रोगराई घेऊन येणारा माणूस, ही प्रतिमा त्या काळच्या ज्यूद्वेषी चित्रांशी जुळते, असं बऱ्याच अभ्यासकांनी म्हटलं आहे. चित्रपटाचा लेखक हेन्रिक गालेन आणि घरदलाल नॉकचं काम करणारा अलेक्झांडर ग्रानाख हे दोघेही ज्यू होते, ग्रानाखला पुढे नाझींमुळे देश सोडावा लागला. त्यामुळे बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं ते सरळ सांगता येत नाही, पण पुढचा इतिहास माहीत असताना ती दृश्यं मला निर्धास्तपणे पाहवत नाहीत.

चित्रपट काढणाऱ्या कंपनीचं नाव 'प्राना-फिल्म', म्हणजे आपल्याच 'प्राण' शब्दावरून. तिचा एक संस्थापक आल्बिन ग्राऊ गूढविद्येचा नादी होता, आणि ऑर्लोकचं रूप, नेपथ्य, कपडे त्याचेच. पण कंपनीने कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. पात्रांची नावं बदलली, तरी श्रेयनामावलीत स्टोकरचं नाव मात्र दिलं. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली. कंपनी तोवर बुडाली होती, हा तिचा एकमेव चित्रपट. १९२५ मध्ये निगेटिव्ह आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा निकाल लागला. परदेशात गेलेल्या काही प्रती वाचल्या, म्हणून आपण आज बोलतोय.

पण मला विचाराल तर मी या चित्रपटाकडे परत परत जातो ते एलेनसाठी. तिचा नवरा हुटर ऑर्लोकच्या किल्ल्यात अडकलेला असतो. एका रात्री ती झोपेत चालत उठते आणि हात पुढे करून हाक मारते. तिकडे, शेकडो मैलांवर, हुटरवर झुकलेला ऑर्लोक थांबतो आणि मान वळवतो. दोन वेगळी दृश्यं एकापुढे एक जोडली आहेत, एवढंच. पण ती त्याच्याकडे बघतेय आणि तो तिच्याकडे, असं आपल्या डोळ्यांना दिसतं. हाक नवऱ्याला होती, ऐकली दुसऱ्यानेच.

मग ती समुद्रकाठी वाळूत, क्रुसांच्या मध्ये बसून वाट बघत असते. नवरा घोड्यावरून, जमिनीच्या वाटेने येतोय. समुद्राच्या वाटेने येतोय तो ऑर्लोक. ती बघते समुद्राकडे. पुढे "तो येतोय, मला त्याच्याकडे गेलं पाहिजे" असं ती म्हणते तेव्हा कोण येतोय हे चित्रपट सांगत नाही. शेवटी गाव वाचवायला ती स्वतःहून खिडकी उघडते, त्याला पहाटेपर्यंत आपल्यापाशी अडकवून ठेवते आणि जीव देते. जिन्यावरून चढणारी ती प्रसिद्ध सावली तुम्ही पाहिलीच असेल. त्या सावलीचा हात एलेनच्या छातीवर येतो आणि मुठीत आवळतो. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा फक्त वेदना आहे का? दरवेळी माझं उत्तर बदलतं.

तर एक विनंती. पुन्हा पाहायचा असेल तर जर्मनीतल्या मुर्नाऊ फाउंडेशनने सुधारलेली, रंग असलेली, साधारण दीड तासाची प्रत शोधा. तिला फ्रान्समध्ये सापडलेल्या १९२२ च्या रंगीत प्रतीचा आधार आहे. पाट्यांवर ऑर्लोकऐवजी ड्रॅक्युला असं नाव दिसलं, किंवा चित्रपट तास-सव्वा तासात संपत असेल, तर ती प्रत सोडून द्या. मोबाइलवर नको, घरातल्या मोठ्यात मोठ्या पडद्यावर, दिवे मालवून बघा. समुद्रकाठचा प्रसंग आला की एलेनची नजर कुठे आहे ते नीट बघा, आणि ती कुणाची वाट बघतेय असं तुम्हाला वाटलं ते इथे खाली लिहा.