इअरफोनला बास नाही, म्हणून 'एक्स्ट्रा बास'वाला हेडफोन घ्यावा का?

तुमच्या तीन तक्रारी: इअरफोनला बास नाही, ब्लूटूथवर मीटिंग लागली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, आणि 2000 रुपयांत वायरवाला घ्यावा की ब्लूटूथ ते ठरत नाही. पहिल्या दोन बहुतेक वेळा फुकटात सुटतात, तेव्हा पाकीट जरा खिशातच राहू द्या.

आधी बास. गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. बास एकदम भरून आला, तर इअरफोन धडधाकट आहे, रबरी टिप मापाची नाही. टिप आणि कान यांच्यात बारीकशी फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात आणि उरतो तो नुसता चिरका आवाज. खोक्यात लहान-मोठ्या टिपांच्या जोड्या येतात, पण लोक लावून आलेली मधलीच वापरत राहतात. एका कानाला मधली, दुसऱ्याला मोठी असंही चालतं, त्यात काही वावगं नाही. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, इअरफोन किंचित फिरवत आत सरकवा, मग कान सोडा. फोमची टिप असेल तर चिमटीत दाबून बारीक करा, कानात घाला आणि ती फुगेपर्यंत पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा.

एकाच बाजूचा आवाज बसला असेल तर आधी जाळीवरचा मळ बघा. जाळी जमिनीकडे धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका, मळ आत ढकलला जातो.

आणि वाद्यं ऐकू येतात पण गायक गायब, असं झालं तर जॅक अर्धवट बसलाय. बऱ्याचदा फोनचं जाड कव्हर आड येतं. दोन्ही बाजूंची सामाईक वायर सुटली की डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो कटतो.

आता मीटिंग. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज फक्त हेडफोनकडे जातो, आणि तोही स्टिरिओमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला वेगवेगळा. हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या मोडमध्ये जाते: मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, आणि सॅम्पलिंग (आवाजाचे नमुने सेकंदाला किती वेळा घेतात ते) सहसा 8 किंवा 16 किलोहर्ट्झ, म्हणून बारकावे गळतात. महागडा हेडफोनसुद्धा इथे रडतो. उपाय सोपा आहे. मीटिंगच्या ऑडिओ सेटिंगमध्ये स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचाच निवडा. आवाज लगेच खुलतो.

एवढं करूनही घ्यायचाच असेल, तर टेबलावर बसून वापरायला मी वायरवाला सुचवेन. चार्जिंगची कटकट नाही, आणि आवाज मागे पडत नाही. कीबोर्ड वाजवणाऱ्याला ब्लूटूथवर बोटं आधी आणि सूर मागाहून असा प्रकार सोसावा लागतो. प्रवासात मात्र ब्लूटूथच सोयीचं.

फोनवर थेट लावायचा असेल तर 16 ते 32 ओहमचा बघा (ओहम म्हणजे हेडफोनचा विद्युत अडथळा). बायरडायनॅमिक कंपनीच्या हेडफोनचं डीटी 770 प्रो हे एकच मॉडेल 32, 80 आणि 250 ओहममध्ये मिळतं (तुमच्या बजेटबाहेरचं आहे, उदाहरण म्हणून सांगतोय). त्यातला 250वाला फोनवर सहसा हळू वाजतो, त्याला अ‍ॅम्प्लिफायर लागतो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी कन्व्हर्टर 'डीएसी'वालाच मागा, म्हणजे फोनमधल्या डिजिटल आवाजाचा हेडफोनला चालणारा सिग्नल करणारी चिप असलेला. नुसत्या वायरिंगचा स्वस्त कन्व्हर्टर कित्येक फोनवर मुकाच राहतो.

खोक्यावरच्या '40 मिमी ड्रायव्हर'वरून (ड्रायव्हर म्हणजे आतला छोटा स्पीकर) आवाजाचा दर्जा कळत नाही. 'एक्स्ट्रा बास' म्हणजे बहुधा खालचे सूर फुगवलेले. ढोल-ताशाला मजा येते, पण ख्याल ऐकताना तबल्याचा डग्गाच गायकाच्या डोक्यावर बसतो.

आवाजाच्या पातळीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं माप लक्षात ठेवा: 80 डेसिबलला आठवड्याला फार तर 40 तास, 90 डेसिबलला जेमतेम 4 तास. लोकलमध्ये आपण खडखडाट झाकायला आवाज वाढवत नेतो. टिप नीट बसली की तेच गाणं दोन-तीन टप्पे खाली पुरतं. फक्त रस्ता ओलांडताना दोन्ही इअरफोन काढा, कारण अशा टिपेतून हॉर्नही दबूनच येतो.