सेवेचा तास कसा घ्यावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शाळेत दर वर्षी जुने कपडे आणि वह्या गोळा करून एका संस्थेला देतो. यंदा सातवीला आठवड्यातून एक तास समाजसेवेसाठी मिळाला आहे. वर्गात ४० मुलं आहेत. सुरुवात कुठून करू? (एक वर्गशिक्षिका)

उत्तर : वस्तू गोळा करणं सध्या बाजूला ठेवा. त्यात मुलांच्या वाट्याला घरून पिशवी आणून देण्यापलीकडे काही येत नाही, आणि फाटके, न धुतलेले कपडे निवडून टाकण्याचं काम मात्र संस्थेच्या गळ्यात पडतं. काय हवं आहे, हे कोणी विचारलेलंच नसतं. तुमचा तास त्या विचारण्यापासून सुरू व्हावा.

१२ आठवडे धरा. पहिले तीन तास फक्त शोधाचे. पाच-पाच मुलांचे आठ गट करा. शाळेपासून १५ मिनिटं चालण्याच्या अंतरात प्रत्येक गटाने तीन माणसांना भेटायचं. सोबत मोठं माणूस हवंच. प्रश्न तीनच : रोज कशाची अडचण होते? ती दूर करायला आजवर काय करून पाहिलं? आम्ही मुलांनी त्यात काय करावं? मधला प्रश्न गाळू नका. लोक आपापल्या परीने आधीच धडपडत असतात हे मुलांना त्यातूनच कळतं, आणि आपण देणारे, ते बिचारे, ही भावना मूळ धरत नाही.

चौथ्या तासाला निवड. सगळ्या अडचणी फळ्यावर लिहून त्यांना तीन कसोट्या लावा. ही गरज लोकांनी स्वतः सांगितली का? सात आठवड्यांत काम होईल का? आपण मधेच थांबलो तर कोणाचं नुकसान होणार नाही ना? वृक्षारोपण बहुतेकदा तिसऱ्या कसोटीवर नापास होतं. ५० रोपं लागतात, मोठी सुट्टी येते आणि पाणी घालायला कोणी उरत नाही. त्यापेक्षा पाचच रोपं लावा, पण सुट्टीतल्या पाळ्यांचा तक्ता आधी भरून घ्या.

समजा, गळके सार्वजनिक नळ निवडले. नळाखाली मोजपात्र धरून दहा मिनिटांत पडलेलं पाणी मोजायचं आणि १४४ने गुणायचं, कारण दिवसात दहा-दहा मिनिटांचे तेवढे भाग असतात. ५० मिलिलिटर भरलं तर दिवसाला ७.२ लिटर वाया जातं. मग दुरुस्ती ज्यांच्या हातात आहे त्यांना आकड्यांसह पत्र, पाठपुरावा, आणि दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणी. पुष्कळदा आतला वायसर झिजलेला असतो. तो कसा बदलतात, हे मुलांना जाणत्या माणसाकडून बघू द्या. गणित, विज्ञान, भाषा तिन्ही आपसूक येतात.

प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं मुकाट्याने लिहायची : आज काय पाहिलं, हे असं का आहे, पुढच्या वेळी काय बदलू. वेळ नाही म्हणून शाळा नेमकी हीच दहा मिनिटं कापतात, आणि मग उरतं ते नुसतं श्रमदान. बाराव्या तासाला, ज्यांना प्रश्न विचारले त्यांच्याकडे परत जाऊन काय झालं ते सांगायचं. जमलं नसेल तर तेही.

प्रश्न : सेवेला गुण किंवा बक्षीस ठेवावं का? (एक मुख्याध्यापक)

उत्तर : बक्षीस नको. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आवडीने चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात त्यांचं चित्रं काढणं कमी झालं. मदतीचंही तसंच आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००८च्या अभ्यासात, मदतीबद्दल वस्तू मिळालेली २० महिन्यांची बाळं पुढे कमी मदत करू लागली.

ठरावीक तास सेवा करण्याची सक्ती काही ठिकाणी आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात शालान्त पदवीसाठी ७५ तास लागतात, कॅनडातल्या ओंटारिओत ४०. अडचण ही, की मुलं तास भरू लागतात. अनेक देशांतल्या शाळांत चालणाऱ्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविका अभ्यासक्रमात सेवा अनिवार्य आहे, पण तासांचा हिशेब नाही. विद्यार्थी काय शिकला, याचे पुरावे मागतात. आम्हाला हाच मार्ग पटतो. तास सक्तीचा असू द्या, काम मात्र मुलांनी निवडलेलं हवं.

प्रश्न : वर्गाच्या मदतनिधीत पैसे पालकच भरतात. मग मुलं दान करायला कशी शिकणार? (एक पालक)

उत्तर : आधी भिंतीवरची देणगीदारांची यादी काढायला सांगा. बंद डबा ठेवावा, नाव नाही, रक्कम नाही. मोजणी दोन मुलांनी मिळून, शिक्षकांसमोर, त्याच दिवशी करावी आणि वहीत दोघांच्या सह्या घ्याव्यात.

खरं शिक्षण आहे ते पैसे कुठे द्यायचे हे ठरवण्यात. मुलांनी तीन संस्थांना विचारावं : गेल्या वर्षीचा जमाखर्च दाखवाल का? एवढ्या रकमेत नेमकं काय कराल? मग चर्चा आणि गुप्त मतदान. इथे मुलं हमखास एक चूक करतात. कोणी नाराज नको म्हणून रकमेचे तीन सारखे भाग पाडतात, आणि त्या तुकड्यांत कुणाचंच काम होत नाही. एकच संस्था निवडायला लावा. तीन महिन्यांनी तिथून उत्तर मागवून ते वर्गात वाचा.

प्रश्न : वृद्धाश्रमाच्या भेटीचे फोटो शाळेच्या पानावर टाकावेत का? (एक शिक्षक)

उत्तर : तिथल्या माणसांचे चेहरे नकोत. आणि ४० मुलांची एकदाच भेट ठेवण्याऐवजी तीच सहा मुलं दर पंधरवड्याला त्याच आजी-आजोबांकडे जाऊ द्या. जाणं थांबणार असेल तर ती तारीख त्यांना पहिल्याच भेटीत सांगा.