लेस्टरला पोचल्यावर आधी डॉक्टर

प्रश्न : मुलगी एमएस्सीसाठी वर्षभर इंग्लंडमधल्या लेस्टरला चालली आहे. तिथे फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवावं लागतं म्हणे. आजारी पडल्यावर नोंदवलं तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तापाने फणफणल्यावर फॉर्म भरत बसण्यापेक्षा पहिल्याच आठवड्यात नोंदवा. राहता पत्ता ज्याच्या हद्दीत येतो तो दवाखाना एनएचएसच्या (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) संकेतस्थळावर शोधायचा आणि तिथेच किंवा कागदावर (जीएमएस१) फॉर्म भरायचा. नोंदणी फुकट असते. पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र नाही म्हणून नाव नाकारता येत नाही. काउंटरवर तरीही मागतात, तेव्हा शांतपणे हे सांगावं. दवाखान्याची यादी बंद असेल (म्हणजे नवे रुग्ण घेत नसतील) किंवा घर हद्दीबाहेर असेल तर नकार मिळू शकतो, पण कारण लेखी द्यावं लागतं. ‘देशात आल्याची तारीख’ हा रकाना बरेचजण रिकामा सोडतात, तो भरावा. मुक्काम तीन महिन्यांहून कमी असेल तर तात्पुरती नोंदणी.

परत येताना दवाखान्याला कळवायला मात्र तिने विसरू नये. इंग्लंडमधल्या दवाखान्यांच्या याद्यांवर ६ कोटींहून जास्त नावं आहेत, म्हणजे प्रत्यक्ष लोकसंख्येपेक्षाही जास्त! देश सोडून गेलेल्यांची नावं तशीच राहतात, हे त्याचं एक मोठं कारण. दवाखान्याला पैसे बरेचसे यादीवरच्या डोक्यांप्रमाणे मिळतात, त्यामुळे अधूनमधून खातरजमेची पत्रं निघतात. उत्तर न देणाऱ्याचं नाव कमी होतं. विद्यार्थी खोली बदलतात, पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहतं आणि अजून इंग्लंडमध्येच राहणाऱ्याचं नाव उडतं. म्हणून खोली बदलली की पत्ताही बदलून घ्यावा.